कॅनव्हासवरील चित्राचे कवच : अजिंठ्याची लाख आणि घरचे वार्निश

छत्रपती संभाजीनगरातील पुष्कळ घरांच्या बैठकीत आज अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्व विराजमान झालेला दिसतो. कोठे तो गृहप्रवेशाच्या भेटीदाखल आलेला असतो, कोठे लेणी पाहून परतल्यावर हौसेने छापून घेतलेला असतो, आणि कागदापेक्षा कापडावरचे चित्र अधिक भारदस्त दिसते म्हणून तो बहुधा कॅनव्हासवर इंकजेट यंत्राने छापून लाकडी पट्ट्यांवर ताणलेला असतो. पहिले काही महिने चित्र मोठे मनोहर दिसते. परंतु दोन-तीन पावसाळे गेले की निळ्या-जांभळ्या छटा विटू लागतात, चौकटीच्या धारेवर, जेथे कापड मागे वळते तेथे, पांढरी रेघ उमटते, आणि धूळ पुसण्यासाठी ओले फडके फिरविले तर त्या फडक्यालाच रंग लागतो. येथे जिज्ञासू माणसाला एक कोडे पडल्यावाचून राहत नाही. मूळ चित्र सुमारे पंधराशे वर्षे डोंगराची ओल, वटवाघळांची विष्ठा आणि दिव्या-मशालींचे काजळ सोसून अद्याप ओळखू येते, आणि आधुनिक रसायनशास्त्राने सिद्ध केलेली त्याची प्रतिकृती मात्र पाच वर्षांत का कोमेजते?

या कोड्याचे अर्धे उत्तर शाईत आहे आणि अर्धे उत्तर छपाईनंतर चित्रावर जो संस्कार करावयास हवा, पण जो बहुधा केलाच जात नाही, त्या संस्कारात आहे. हा संस्कार घरच्या घरी करता येण्यासारखा आहे. मात्र तो करण्यापूर्वी आपण कशावर काय चढवीत आहोत हे समजून घेणे अगत्याचे आहे, कारण या बाबतीत अज्ञानाने केलेला इलाज मूळ दुखण्याहून अधिक घातक ठरू शकतो. याचा दाखला शोधण्यासाठी दूर जावयास नको. तो आपल्याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या भिंतींवर, नोंदलेला आहे.

आधार, अस्तर आणि रंग

कॅनव्हासवरचे छापील चित्र वरवर पाहता एकसंध दिसले तरी ते तीन थरांचे असते. तळाशी कापड असते. ते सुती, पॉलिस्टरचे किंवा दोहोंच्या मिश्रणाचे असून त्याचे वजन दर चौरस मीटरला साधारणतः 340 ते 400 ग्रॅम भरते. कोऱ्या कापडावर शाईचा थेंब पडला तर तो धाग्याधाग्याने पसरत जातो, म्हणून कारखान्यातच त्या कापडावर एक पांढरा, अतिसूक्ष्म छिद्रांचा लेप चढविलेला असतो. पांढऱ्या खनिजांची पूड आणि ती धरून ठेवणारा चिकट बंधक यांचा तो बनतो. थेंब जेथे पडला तेथेच शोषून धरणे हे या लेपाचे कार्य. तिसरा थर शाईचा. यंत्राच्या मुखातून सुटणारा तिचा थेंब इतका लहान असतो की एका लिटरचे एक लक्ष कोटी भाग केले तर त्यातील दोन-चार भाग मिळून असा एक थेंब व्हावा.

अजिंठ्याच्या भिंतीची रचना तपासली तर हीच त्रिविध मांडणी तेथेही आढळते. खडबडीत कातळावर वनस्पतींचे तंतू, भाताचे तूस आणि माती यांचा गिलावा, त्यावर पांढऱ्या निवळीचा पातळ हात, आणि त्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. युरोपातील भित्तिचित्रांप्रमाणे हे रंग ओल्या चुन्यात मुरलेले नसून वाळलेल्या पृष्ठावर बसविलेले आहेत, आणि म्हणून त्यांना धरून ठेवणारा बंधक पाण्याने सैल होतो. आपल्या कॅनव्हासवरील लेपाची प्रकृतीही अशीच आहे. जो लेप पाणीदार शाई तत्काळ पितो, तो हवेतील दमट वाफ, फडक्याचे पाणी आणि बोटांचा घामही तितक्याच तत्परतेने पितो. छपाईच्या वेळी जो त्याचा गुण, तोच पुढे भिंतीवर त्याचा दोष होतो.

हळद आणि गेरू

आता शाईकडे वळू. इंकजेट यंत्रांत मुख्यत्वे दोन जातींच्या शाया वापरतात. एका जातीत रंगद्रव्य पाण्यात पूर्णपणे विरघळलेले असते; हिला व्यवहारात डाय शाई म्हणतात. दुसरीत रंगाचे घन कण, मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढे सूक्ष्म, द्रवात नुसते तरंगत असतात. ही पिगमेंट शाई. या दोहोंतील भेद कोणत्याही गृहिणीला परिचित आहे. सदऱ्यावर पडलेला हळदीचा डाग कितीही गडद असला तरी चार दिवस उन्हात वाळत घातला की उडू लागतो. उलट तुळशीवृंदावनाला दिलेल्या गेरूला पाऊस धुऊन नेईल, पण ऊन त्याचा रंग पालटवू शकत नाही. हळदीचा रंग सुट्या रेणूंचा आहे आणि प्रकाशाचा आघात झाला की प्रत्येक रेणू स्वतंत्रपणे मोडतो; गेरूचा रंग खनिजाच्या कणाचा आहे, आणि कणाच्या पृष्ठावरचे काही रेणू निकामी झाले तरी आतले शाबूत राहतात. पिगमेंट शाईतील सर्वच कण गेरूइतके अविनाशी असतात असे नव्हे, तथापि डाय शाईच्या तुलनेत त्यांचे आयुष्य पुष्कळ दीर्घ असते.

अजिंठ्याच्या चित्रकारांनी तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवळी माती, हिरव्यासाठी हिरवी माती, काळ्यासाठी काजळी आणि निळ्यासाठी अफगाणिस्तानाच्या बदख्शान प्रांतातून येणारा लाजवर्द हा पाषाण वाटून घेतला होता, म्हणजे त्यांची सारी पेटीच कणरूप रंगांची होती. त्यात भर अशी की लेण्यांच्या अंतर्भागात थेट ऊन क्वचितच पोहोचते. टिकाऊ रंग आणि मंद प्रकाश या दोन गोष्टींनी जे तेथे साधले, त्याच्या नेमके उलट आपण बैठकीत करतो: हळदीच्या जातीची शाई वापरतो आणि चित्र पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगतो.

म्हणून चित्र छापावयास टाकतानाच दुकानदाराला शाई कोणती, हे स्पष्ट विचारावे. गावातील फलक छापणाऱ्या मोठ्या यंत्रांवर तिसऱ्याच जातीची, द्रावकात बनविलेली शाई असते; ती पाण्याला पुष्कळशी दाद देत नाही, आणि तिच्यावरील वार्निश मुख्यतः ओरखड्यांपासून संरक्षण म्हणून लावावयाचे असते. उत्तर समाधानकारक मिळाले नाही तर साधी परीक्षा करावी: चित्राच्या समासातील छापील कोपऱ्यावर किंचित ओलसर कापूस हलकेच टेकवून उचलावा. कापसाला ठळक रंग लागला तर शाई पाण्याला भिणारी आहे असे समजावे.

वार्निश कोणकोणती कामे करते

वार्निश अथवा रोगण म्हणजे चित्रावर चढविलेला पारदर्शक, घट्ट पडदा. तो चार कामे करतो.

पहिले काम अटकावाचे. लेपाची सूक्ष्म छिद्रे बुजली की ओल, धूळ, स्वयंपाकघराचा तेलकट धूर आणि हवेतील ओझोन वायू यांचा रंगापर्यंत जाण्याचा मार्ग बंद होतो. विशेषतः डाय शाईचे चित्र काही वेळा अंधाऱ्या भिंतीवरही विटते, त्यामागे ऊन नसून हा ओझोन असतो.

दुसरे काम बळकटीचे. वर सांगितलेला पांढरा लेप ठिसूळ असतो. कापड चौकटीच्या धारेवर दुमडले की तो तडकतो आणि आतील पांढरेपण उघडे पडते. लवचीक वार्निशाचा थर वरून असला तर तो ताण विभागून घेतो आणि भेगेला आरंभच होऊ देत नाही.

तिसरे काम सूर्यप्रकाशातील अदृश्य, अतिनील किरणे शोषण्याचे. चांगल्या प्रतीच्या वार्निशात यासाठी निराळे द्रव्य घातलेले असते. ते या किरणांची ऊर्जा शोषून तिचे निरुपद्रवी उष्णतेत रूपांतर करते. मात्र येथे दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. डोळ्यांना दिसणारा प्रकाशही, विशेषतः डाय शाईला, फिकट करतोच आणि त्याला अडविले तर चित्रच दिसणार नाही. शिवाय हे शोषक द्रव्य स्वतःही कालांतराने खर्ची पडते. म्हणजे वार्निश लावले म्हणून चित्र उन्हात टांगण्याचा परवाना मिळत नाही.

चौथे काम शोभेचे, आणि त्याचा प्रत्यय तत्काळ येतो. वार्निशाचा हात फिरताच काळा रंग अधिक गहिरा होतो आणि तांबडा-निळा जणू आतून उजळतो. पावसाच्या पहिल्या सरीने दौलताबादच्या किल्ल्याचा काळा दगड भिजला म्हणजे तो अकस्मात गडद दिसू लागतो, त्यामागील कारण हेच आहे. कोरड्या पृष्ठावरील असंख्य बारीक खाचखळग्यांवरून प्रकाश चोहीकडे विखुरतो आणि तो विखुरलेला पांढरट प्रकाश मूळ रंगात मिसळून त्याला फिका करतो. पाण्याने किंवा वार्निशाने ते खळगे भरले की विखुरणे कमी होते आणि रंगाचा खरा कस डोळ्यांना दिसतो.

अजिंठ्याच्या भिंतींवरील लाख

याच चौथ्या गुणाच्या मोहाने आणि पहिल्या दोहोंच्या आशेने अजिंठ्याच्या चित्रांवरही वार्निश चढविले गेले, आणि त्या प्रकरणाची हकिकत प्रत्येक हौशी चित्रप्रेमीने जाणून घेण्यासारखी आहे.

1819 साली जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडल्यानंतर त्यांतील चित्रांच्या नकला करण्याचे प्रयत्न सुरू झाले. मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांची 1844 मध्ये या कामी नेमणूक झाली. कॅनव्हासवर तैलरंगात त्यांनी केलेल्या भव्य नकला लंडनला रवाना झाल्या आणि त्यांतील बहुतेक 1866 च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. त्यानंतर मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून आपल्या विद्यार्थ्यांसह पुन्हा कॅनव्हासवर नकला केल्या. त्यांतील अनेकांचा नाश 1885 साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातील आगीत झाला. या नकलाकारांपुढे अडचण अशी होती की भिंतीवरील चित्रे धुळीने व काजळीने मलिन झाली होती, आणि त्यांवर वार्निशाचा हात फिरविला की भिजलेल्या दगडाप्रमाणे ती क्षणात स्पष्ट दिसत. ग्रिफिथ्स यांच्या काळात असे वार्निश लावले गेले.

पुढे हैदराबाद संस्थानात पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि त्याचे संचालक गुलाम याझदानी यांच्या कारकिर्दीत, निजाम मीर उस्मान अली खान यांच्या सरकारने चित्रांच्या रक्षणाची मोठी तजवीज केली. इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना पाचारण करण्यात आले. 1920 ते 1922 या काळात त्यांनी सुटू पाहणारा गिलावा बसविला, पापुद्रे चिकटविले, चित्रे स्वच्छ केली, आणि शेवटी रंग पक्का राहावा म्हणून त्यांवर लाखेचे वार्निश दिले. तज्ज्ञ जाणते होते, हेतू निर्मळ होता, आणि सुटलेला गिलावा त्यांनी वेळीच सावरला याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु लाख ही लाखेच्या किड्याने झाडाच्या फांद्यांवर निर्माण केलेली राळ आहे. आपले सुतार तिलाच चपडा म्हणतात आणि स्पिरिटात विरघळवून तिचे पॉलिश करतात. ती नवी असताना सुंदर चकाकते, पण वर्षे जातात तशी पिवळी, मग तपकिरी होते. तिचे रेणू परस्परांत गुंतत जाऊन ती कडक बनते आणि ज्या स्पिरिटात ती एकेकाळी सहज विरघळली त्यात पुढे विरघळेनाशी होते. कडक झालेला पडदा आकसतो आणि आकसताना खालचा नाजूक रंग ओढून पापुद्र्यासह उचलतो. अजिंठ्यात चित्रांवर पिवळट-तपकिरी आवरण बसले, निळ्या-हिरव्या छटा झाकोळल्या, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना हा थर, खालचा रंग न दुखवता, सूक्ष्म सावधगिरीने उतरविण्याचे दीर्घ व कष्टप्रद काम अंगावर घ्यावे लागले.

यातून घरच्या कामासाठी तीन निष्कर्ष निघतात. संरक्षक थर हाही चित्राचाच भाग होतो आणि चित्राबरोबर म्हातारा होतो, म्हणून तो कसा म्हातारा होईल हे आधी विचारावे. जो थर पुन्हा काढता येत नाही, तो ज्याची दुसरी प्रत नाही अशा वस्तूवर चढवू नये. आणि खालचा थर कशाने बनला आहे हे ठाऊक नसताना वरचा थर निवडू नये.

इंकजेट चित्रावरील वार्निश सच्छिद्र लेपात मुरून जाते आणि ते पुढे वेगळे काढता येत नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. छापील प्रतीच्या बाबतीत आपण ते पत्करू शकतो, कारण मूळ प्रतिमा संगणकात सुरक्षित असते आणि वेळ आली तर दुसरी प्रत निघू शकते. आजोबांचे जुने छायाचित्र, एखाद्या चित्रकाराने हाताने रंगविलेले चित्र, देवघरातील जुना पट यांना मात्र ही मुभा नाही. त्यांवर बाजारी वार्निशाचा फवारा मारणे म्हणजे पुढच्या पिढीच्या हातचे सारे उपाय हिरावून घेणे होय.

दुधासारखा द्रव पारदर्शक कसा होतो

घरगुती कामासाठी सर्वांत सोयीचे वार्निश म्हणजे पाण्यात बनविलेले ॲक्रिलिकचे. डब्यात ते दुधासारखे पांढरे दिसते आणि नवखा माणूस ते चित्रावर ओतावयास कचरतो. परंतु तो पांढरेपणा तात्पुरता असतो. ॲक्रिलिकचे सूक्ष्म, मऊ गोलक पाण्यात तरंगत असतात आणि प्रकाश त्यांच्यावरून विखुरतो म्हणून द्रव दुधाळ भासतो. पाणी उडू लागले की गोलक जवळ येतात, एकमेकांना भिडतात, दाबाने चपटे होतात आणि अखेर त्यांच्या सीमा पुसल्या जाऊन एकच अखंड, पारदर्शक पापुद्रा तयार होतो. ॲक्रिलिक लाखेप्रमाणे पिवळे पडत नाही आणि दीर्घकाळ लवचीक राहते, हे त्याचे दोन मोठे गुण. सुताराचा चपडा, फर्निचरचे पॉलियुरेथेन अथवा जवसाच्या तेलाचे वार्निश कितीही हाताशी असले तरी कॅनव्हासवर वापरू नये. ती पिवळी पडतात, आणि त्यांतील काही कडक होऊन घडीवर तडकतात.

गोलकांचे हे मीलन हवामानावर सर्वस्वी अवलंबून असते, आणि म्हणून या कामाला ऋतू पाहावा लागतो. श्रावण-भाद्रपदात हवा दमट असते, पाणी उडता उडत नाही, लेप फुगतो, शाई पसरू शकते आणि पापुद्र्यात धुकट पांढरेपणा राहून जातो. वैशाखात, जेव्हा मराठवाड्यात पारा चाळिशीवर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते, तेव्हा उलट आपत्ती येते: वार्निश सपाट होण्यापूर्वीच वरून वाळते, रोलरचे वळ जसेच्या तसे राहतात, आणि बुडबुडे फुटण्यास अवधी न मिळाल्याने गोठून जातात. आपल्या शहरात कार्तिकापासून माघापर्यंतचा, म्हणजे ढोबळमानाने नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा काळ या कामास उत्तम. त्यातही पहाटेचा गारठा सरल्यानंतरची सकाळची वेळ निवडावी.

द्रावकातील वार्निश फवाऱ्याच्या डब्यात मिळते. ज्या चित्राची शाई ओल्या कापसाला लागली, त्याला प्रथम याचे दोन-तीन पातळ फवारे द्यावेत. यात पाणी नसल्याने शाई सहसा पसरत नाही. तरी दमट दिवशी हेही वर्ज्यच, कारण द्रावक वेगाने उडताना पृष्ठ थंड पडते, त्यावर हवेतील बाष्पाचे दव जमते आणि पांढुरका डाग पडतो. हे काम गच्चीवर किंवा चहूबाजूंनी मोकळ्या जागी, जवळपास शेगडी, निरांजन वा उदबत्तीही पेटलेली नसताना, आणि रासायनिक वाफा शोषणारा मुखवटा लावूनच करावे. नाकाला बांधलेला रुमाल धूळ अडवितो, वाफ अडवीत नाही.

प्रत्यक्ष कृती

छापून आलेले चित्र लगेच वार्निश करू नये. शाईत ती यंत्राच्या मुखाशी सुकू नये म्हणून सावकाश उडणारी काही द्रव्ये घातलेली असतात. चित्र हाताला कोरडे लागले तरी ती आत शिल्लक असतात. घाईने वरून झाकण घातले तर ती कोंडून पापुद्रा मऊ व धुकट राहतो. निदान 24 तास, आणि हवा दमट असेल तर 48 तास, चित्र सपाट, उघडे व धुळीपासून दूर ठेवावे.

खोली आधी झाडून, फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि धूळ खाली बसल्यावर कामास आरंभ करावा; पंखा बंद असावा. चित्र सपाट फळीवर चारही कडांना चिकटपट्टीने पक्के बसवावे आणि मऊ कोरड्या ब्रशाने झटकावे. वार्निशाचा डबा हलवू नये, कारण हलविल्याने फेस होतो. ते काडीने सावकाश, तळापासून ढवळावे आणि पातळ मलमलीतून पसरट ताटात गाळून घ्यावे. पाणी घालण्याची मुभा डब्यावर दिली असेल तेवढ्याच प्रमाणात, आणि ते शुद्ध केलेले पाणीच, घालावे. बोअरच्या पाण्यातील क्षार पापुद्र्यात डाग होऊन उरतात.

बारीक छिद्रांच्या स्पंजाचा, साधारण चार इंची रोलर वार्निशात भिजवून जादा द्रव ताटाच्या उतारावर निपटून घ्यावा. पहिला हात पातळ असावा, कारण त्याचे काम केवळ छिद्रे बुजविणे हे आहे. रोलर प्रथम उभा, मग आडवा फिरवून सर्वत्र सारखे ओले करावे, आणि शेवटी रोलरच्या स्वतःच्या वजनानेच, दाब न देता, एका दिशेने अलगद फिरवून बुडबुडे मोडावेत. येथे हात थांबवावा. चार-पाच मिनिटांत पृष्ठ चिकट होऊ लागते आणि मग राहिलेली जागा सुधारण्याच्या मोहाने पुन्हा रोलर फिरविला तर अर्धवट जमलेला पापुद्रा फाटतो. राहिलेली उणीव दुसऱ्या हातात भरून निघते. पहिला हात पूर्ण सुकल्यावर, म्हणजे सहसा दोन ते चार तासांनी, दुसरा हात आडव्या दिशेने द्यावा. दोन पातळ हात एका जाड हाताहून निःसंशय श्रेष्ठ, कारण जाड थराचा वरचा भाग आधी आवळतो आणि आत पाणी कोंडते.

झळाळी किती हवी हा रुचीचा प्रश्न असला तरी त्यामागील शास्त्र उपयोगी पडते. चकाकी नसलेल्या वार्निशात सिलिकेची सूक्ष्म पूड असते. ती पृष्ठ किंचित खडबडीत ठेवून चकाकी मोडते, परंतु थर जाड झाला तर काळ्या रंगावर राखाडी झाक आणते. म्हणून आतला हात चकाकीचा आणि फक्त वरचा हात बिनचकाकीचा दिला तर रंगांचा गहिरेपणा राहतो आणि दिव्याची तिरीप डोळ्यांवर येत नाही. ही पूड डब्यात तळाशी बसते, तेव्हा अधूनमधून ढवळीत राहावे.

या सर्वाआधी एक गोष्ट अवश्य करावी: चित्र छापवून घेतानाच त्याच कापडावर, त्याच शाईने, हातभर लांबीची एक पट्टी जास्त छापून घ्यावी आणि सारा प्रयोग प्रथम तिच्यावर करून, ती सुकल्यावर दुमडून, ओल्या फडक्याने पुसून पाहावी. ज्या कापडाला अधिक शुभ्र दिसावे म्हणून प्रकाशवर्धक द्रव्य लावलेले असते, त्यावर अतिनील किरणे शोषणारे वार्निश चढताच पांढरा भाग किंचित पिवळसर भासतो, कारण ते द्रव्य त्याच किरणांवर चमकत असते. असे आश्चर्यही पट्टीवरच कळलेले बरे.

चौकटीवर ताणणे

वार्निश हाताला कोरडे लागल्यावरही किमान एक दिवस, आणि शक्य तर दोन-तीन दिवस, थांबून मगच चित्र ताणावे. चौकटीचे लाकूड चांगले सुकलेले व वाळवी न लागणारे असावे, आणि पट्टीची पुढची बाजू आत उतरती तासलेली असावी, जेणेकरून कापड केवळ बाहेरच्या धारेवर टेकेल. अन्यथा काही महिन्यांत लाकडाच्या आतल्या कडेचा ठसा चित्रावर उमटतो. बाहेरची धारही पॉलिश कागदाने किंचित गोल करावी, म्हणजे घडीवरचा ताण सौम्य होतो.

ताणण्याचा क्रम मध्यापासून कोपऱ्याकडे ठेवावा: एका बाजूच्या मध्यभागी स्टेपल मारावा, मग समोरच्या बाजूच्या, मग उरलेल्या दोन बाजूंच्या, त्यानंतर दोन्हीकडे थोडे थोडे सरकत कोपऱ्यापर्यंत जावे. एका कडेचे सारे स्टेपल आधी मारले तर सुरकुत्या कोपऱ्यात गोळा होतात. कोपऱ्यांच्या खाचांत लाकडी पाचरी बसविलेल्या असल्या तर पुढे पावसाळ्यात कापड सैल पडले तरी पाचर हलकेच ठोकून ते पुन्हा ताणता येते. कडा वळविण्यासाठी चित्राभोवती पट्टीची जाडी आणि मागे वळण्यास दोन बोटे, एवढा छापील भाग जास्त हवा. ही सूचना छपाईपूर्वीच द्यावी लागते. चित्राच्या पाठीला वार्निश लावू नये. कापडात शिरलेली ओल बाहेर पडण्यास तीच एक वाट उरते.

चौकट : थोडक्यात महत्त्वाचे

• शाईची जात विचारा. शंका असल्यास ओल्या कापसाने समासावर परीक्षा करा.
• छपाईनंतर 24 ते 48 तास चित्र उघडे वाळू द्या.
• पाण्यातील लवचीक ॲक्रिलिक वार्निश निवडा. चपडा, फर्निचर पॉलिश व तेलाचे वार्निश वर्ज्य.
• नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कोरडी सकाळ, बंद पंखा.
• दोन पातळ हात, एकमेकांस आडव्या दिशेने. चिकट झालेल्या पृष्ठावर रोलर नको.
• आधी पट्टीवर प्रयोग, मग चित्रावर.
• पूर्ण सुकल्यावरच ताणा. पाठ मोकळी ठेवा.
• ज्याची दुसरी प्रत नाही, त्या वस्तूवर वार्निश नको.

भिंतीवर गेल्यानंतर

वार्निश केलेल्या चित्राचेही काही पथ्य असते. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, म्हणून चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे वा रबराचे तुकडे चिकटवून चित्र व भिंत यांत बोटभर अंतर राखावे; हवा खेळती राहते आणि बुरशी धरत नाही. दुपारचे ऊन ज्या भिंतीवर पडते ती टाळावी. पुसण्यास कोरडे मऊ फडके पुरते. काचा पुसण्याचे द्रव, साबण आणि स्पिरिट यांचा चित्राशी संबंध येऊ देऊ नये. बदलीच्या किंवा स्थलांतराच्या प्रसंगी चित्र गुंडाळावे लागले तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, मध्ये गुळगुळीत कागद घालून, रुंद नळीवर सैल गुंडाळावे. प्लास्टिकचा कागद थेट वार्निशावर आला तर उन्हाळ्यात तो चिकटून बसतो.

आणि शेवटी एक विनंती, जी अत्यंत क्षुल्लक वाटेल पण जिचे मोल वीस-पंचवीस वर्षांनी कळेल. काम पूर्ण झाल्यावर चौकटीच्या मागील लाकडी पट्टीवर पेन्सिलीने छपाईची तारीख, शाईची जात, वार्निशाचे नाव व किती हात दिले ते लिहून ठेवा, आणि मूळ प्रतिमा दोन निरनिराळ्या ठिकाणी जतन करा. चित्रावर काय चढविले आहे हे ज्याला ठाऊक असते त्यालाच पुढे त्यावर योग्य इलाज करता येतो. तेव्हा ही चार ओळींची नोंद वार्निशाइतकीच आवश्यक समजावी आणि ती लिहिल्याशिवाय चित्र भिंतीवर चढवू नये.